जर्मनीत धंद्याच्या ओळखी: तिकीट काढण्याआधी काय करायचं आणि परतल्यावर काय

कोल्हापूरची फाउंड्री असो, चाकणचं मशीन शॉप असो की नाशिकचा पंपाचे भाग करणारा कारखाना, जर्मनीत गिऱ्हाईक शोधायचं ठरलं की क्रम बहुधा असा असतो. प्रदर्शनाची तारीख कळते, तिकीट निघतं, व्हिसा होतो, गठ्ठाभर ब्रोशर छापली जातात. तिकडे चार दिवस हॉल पालथे घातले जातात आणि खिसाभर कार्डं घेऊन माणूस परततो. मग सगळ्या कार्डांना एकच मेल जातो, त्याला उत्तर येत नाही, आणि "जर्मन लोक प्रतिसाद देत नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

दोष प्रतिसादाचा नाही, क्रमाचा आहे. प्रदर्शन ही या कामाची सुरुवात नव्हे, तो मधला भाग आहे. त्याच्या आधी निदान सहा महिन्यांचं काम असतं आणि नंतर त्याहून जास्त. शिवाय आपल्याकडे आधी ओळख वाढते, घरोबा होतो आणि मग काम मिळतं. जर्मन कारखान्यात आधी एखादं छोटं काम बोलल्याप्रमाणे, बोललेल्या तारखेला पार पडावं लागतं. ओळख त्यातून तयार होते. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत. उदाहरणं मी ओतकाम आणि मशीनिंगची घेतली आहेत. तुमचा माल वेगळा असला तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: आपण काय विकतो ते एका पानावर आणा

सोळा पानी रंगीत ब्रोशर बाजूला ठेवा. संस्थापकांचा फोटो, कारखान्याचं प्रवेशद्वार, "दर्जाशी तडजोड नाही" हे वाक्य यांतलं काहीही खरेदी अधिकाऱ्याच्या उपयोगाचं नसतं. त्याला एका पानावर हे हवं असतं:

- कोणता धातू आणि कोणता ग्रेड
- एका नगाचं वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत
- मोल्डिंगची पद्धत, साच्याचा जास्तीत जास्त आकार, कमीत कमी भिंतीची जाडी
- वर्षाला किती टन ओतता आणि त्यातली किती क्षमता आज मोकळी आहे
- मशीनिंग स्वतःकडे होतं की बाहेर
- तपासणीची साधनं: स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक तपासणारं), सीएमएम (मापं मोजणारं यंत्र), अल्ट्रासोनिक, जे खरोखर असेल ते
- प्रमाणपत्रं, त्यांच्या मुदतीसह. वाहन उद्योगाला आयएटीएफ १६९४९ लागतं, इतरांना बहुधा आयएसओ ९००१ पुरतं

ग्रेडची नावं त्यांच्या पद्धतीने लिहा. आपल्याकडे सहज "एफजी २६०" किंवा "एसजी ४००/१५" म्हणतात. समोरच्याच्या ड्रॉइंगवर "ईएन-जीजेएल-२५०" आणि "ईएन-जीजेएस-४००-१५" असतं. आपला ग्रेड त्यांच्या कोणत्या ग्रेडच्या जवळ जातो हे आपणच मांडायचं असतं. ते काम खरेदी करणाऱ्यावर सोडलं तर कागद बाजूला पडतो. सोबत "ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ दाखला देतो" (म्हणजे त्याच मालाच्या चाचणीचे निकाल असलेला दाखला) हे वाक्य टाका, पण तो खरोखर देता येत असेल तरच.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. म्हणजे "१.२५० किलो" हे तिथे सव्वा किलो नव्हे, साडेबाराशे किलो वाचलं जाऊ शकतं. जर्मन पानावर त्यांची पद्धत पाळा आणि इंग्रजी पानावर इंग्रजी. एकाच पानावर दोन्ही मिसळू नका.

हे पान इंग्रजीत आणि जर्मनमध्ये तयार ठेवा. मोठ्या कंपन्यांत इंग्रजी चालतं. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या दीडशे माणसांच्या कारखान्यात कागद उत्पादन प्रमुखाकडे आणि तिथून फोरमनकडे जातो. त्याला तो आपल्या भाषेत मिळाला तर वाचला जातो. भाषांतर नुसतं मशीनवर सोडू नका. पुण्यात माक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मन शिकलेली माणसं भरपूर आहेत. त्यातला कारखान्यात काम केलेला कोणी शोधा आणि पान त्याच्याकडून तपासून घ्या. तांत्रिक शब्द चुकला तर बाकीचं व्याकरण बरोबर असून उपयोग नाही.

*तपासा:* तुमच्या धंद्यातल्या पण कंपनीबाहेरच्या माणसाला पान द्या. दोन मिनिटांत "तुम्ही हे करू शकता, हे नाही" असं त्याला सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

टप्पा २: स्पर्धक जातात ते प्रदर्शन नको, गिऱ्हाईक स्टॉल लावतं ते निवडा

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. फाउंड्रीवाला डोळे मिटून ड्युसेलडोर्फच्या गिफाला, म्हणजे ओतकामाच्या प्रदर्शनाला जातो. गिफा चार वर्षांतून एकदा भरतं. मागचं २०२३ च्या जूनमध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये आहे. तंत्रज्ञान पाहायला आणि भट्टी किंवा मोल्डिंग लाइन घ्यायला ते उत्तम आहे, पण तिथे स्टॉल लावणारे बहुतेक लोक तुम्हाला काहीतरी विकायला आलेले असतात. त्याच्याच जोडीने भरणाऱ्या न्यूकास्टमध्ये कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग विकणारे असतात, म्हणजे तुमचे स्पर्धक.

तुमची कास्टिंग ज्याच्या मशीनमध्ये बसते तो कुठे स्टॉल लावतो ते पाहा:

- ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं: हॅनोव्हरचं अॅग्रिटेक्निका, विषम वर्षी नोव्हेंबरमध्ये
- पाणी, सांडपाणी, पंप: म्युनिकचं इफाट, सम वर्षी
- रसायन उद्योगाचे पंप, व्हॉल्व्ह: फ्रँकफर्टचं आखेमा, तीन वर्षांतून एकदा
- औद्योगिक व्हॉल्व्ह: ड्युसेलडोर्फचं व्हॉल्व्ह वर्ल्ड एक्स्पो, सम वर्षी
- बांधकाम यंत्रं: म्युनिकचं बाउमा, तीन वर्षांतून एकदा
- गाड्यांचे सुटे भाग आणि आफ्टरमार्केट: फ्रँकफर्टचं ऑटोमेखानिका, सम वर्षी सप्टेंबरमध्ये

एप्रिलच्या सुमाराला दरवर्षी भरणारं हॅनोव्हर मेसे फार मोठं आणि सर्वसाधारण आहे. पहिल्याच खेपेला तिथे गेलं तर दिवस चालण्यातच जातात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा स्टॉल घेऊ नका. पाहुणा म्हणून जा, दोन माणसं जा, त्यातला एक तांत्रिक बाजू जाणणारा असू द्या. स्टॉलचा खर्च दुसऱ्या खेपेला करा, कोणाला बोलवायचं ते ठाऊक झाल्यावर.

*सावधान:* वीस जणांच्या शिष्टमंडळातून जाणार असाल तर मार्गदर्शन आणि सोबतीसाठी जा. गिऱ्हाईकाच्या स्टॉलवर मात्र घोळक्याने जाऊ नका. वीस जण एकदम उभे राहिले की तिथला माणूस सगळ्यांना पत्रकं वाटून मोकळा होतो.

टप्पा ३: तीस नावांची यादी करा आणि प्रत्येक नाव तपासा

प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर स्टॉल लावणाऱ्यांची यादी काही महिने आधी येते. त्यातून तीस कंपन्या निवडा. शंभर नकोत, तीसच. आकाराने तुम्हाला झेपतील अशा घ्या. वर्षाला पाच लाख नग मागणाऱ्याला तुम्ही लहान आहात, आणि पन्नास नग मागणाऱ्याला भारतातून मागवणं परवडत नाही. मधला पट्टा शोधा.

मग प्रत्येक कंपनीचं संकेतस्थळ उघडा आणि अगदी तळाशी "इम्प्रेसुम" या दुव्यावर जा. जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळावर हे पान देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, संचालकाचं म्हणजे गेशेफ्ट्सफ्युररचं नाव, व्यापार नोंदणीचा क्रमांक आणि मूल्यवर्धित कराचा क्रमांक मिळतो. नोंदणी क्रमांक सरकारी हान्डेल्सरेगिस्टरवर ताडून पाहा. ऑगस्ट २०२२ पासून तिथली माहिती ऑनलाइन फुकट पाहता येते. कराचा क्रमांक युरोपीय संघाच्या व्हिएस या सेवेवर तपासता येतो. पुढे कोणी अनोळखी मेलवर "आम्हाला दोन कंटेनर हवेत, आधी नोंदणी शुल्क भरा" म्हणालं तर हीच तपासणी कामी येते.

यादीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: त्यांच्या कोणत्या उत्पादनात तुमचा भाग बसेल, खरेदी विभागात कोण आहे, आणि त्यांच्याशी आपला दुवा कोण. खरेदी विभागाला "आइनकाउफ" म्हणतात. लिंक्डइनवर हा शब्द आणि कंपनीचं नाव घालून शोधलं की माणूस बहुधा सापडतो.

दुव्यासाठी दार ठोठावण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ पासून काम करतं, मुख्यालय मुंबईत आहे आणि पुण्यातही कार्यालय आहे. अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी इंडिया ही निर्यात प्रोत्साहन संस्था आहे. उद्योजकांची संस्था असलेलं पुण्याचं मराठा चेंबर आहे. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांची भागीदारी २०१५ पासून आहे, आणि मुंबई व स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्यामुळे त्या भागातल्या कंपन्यांना महाराष्ट्र नवा नाही, आणि ओळख करून देणाऱ्या पत्रात हे एक वाक्य घातलं तर ते वाया जात नाही.

आता नातेवाईक आणि मित्रांबद्दल. स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टच्या परिसरात वाहन आणि यंत्र कंपन्यांत मराठी इंजिनीअर पुष्कळ आहेत. कोणाचा तरी भाचा तिथे असतोच. त्याला ऑर्डर मागू नका, आणि स्पर्धकाचा भाव तर मुळीच विचारू नका. जर्मन कंपन्यांत हितसंबंधांचे नियम कडक असतात आणि भाच्याची नोकरी अडचणीत येऊ शकते. त्याला विचारायचं ते एवढंच: नवा पुरवठादार तुमच्याकडे कोणत्या दारातून येतो, नोंदणी कुठे होते, कोणता विभाग आधी पाहतो. ही माहिती तो बिनधास्त देऊ शकतो, आणि तिची किंमत ऑर्डरपेक्षा कमी नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गेलात तर आरती करा, ओळखी करा, पण पान वाटू नका.

टप्पा ४: जाण्याआधीचा संपर्क, कायदा सांभाळून

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जर्मनीत न विचारता जाहिरातीचा मेल पाठवणं कायद्यात बसत नाही, अगदी कंपनीने कंपनीला पाठवला तरी. अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार मेलसाठी आधी स्पष्ट संमती लागते. फोनसाठी नियम थोडा सैल आहे: त्या कंपनीला या विषयात रस असेल असं मानायला ठोस कारण हवं. त्यामुळे विकत घेतलेल्या यादीवर पाचशे मेल सोडणं हा नुसता वेळेचा अपव्यय नाही. त्यामुळे नाव खराब होतं आणि वकिलाची नोटीस खर्चासकट येऊ शकते.

मग रस्ते कोणते?

१. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर पुरवठादार नोंदणीचं पान असतं. ते नीट भरा. मोठ्या कंपन्यांत याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

२. प्रदर्शनाच्या अॅपमध्ये भेटी ठरवण्याची सोय असते. तिथे लोक स्वतःहून संपर्कासाठी नाव देतात. भेट मागताना तीन ओळी पुरतात: तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या उत्पादनातला कोणता भाग तुम्ही करू शकता, आणि किती मिनिटं हवीत.

३. साधं टपालाचं पत्र. खरेदी प्रमुखाच्या नावाने, जर्मनमध्ये, एक पान, सोबत तुमचं एकपानी पत्रक. आजही हा सभ्य मार्ग मानला जातो.

४. चेंबर किंवा विद्यमान जर्मन गिऱ्हाईक यांच्यामार्फत ओळख.

पत्रात "हेर" किंवा "फ्राऊ" आणि आडनाव लिहा, नावामागे डॉक्टर असेल तर तेही. पहिल्या नावाने हाक मारायची सुरुवात त्यांच्याकडून होऊ द्या.

तीसपैकी सहा ते आठ भेटी पक्क्या झाल्या तर उत्तम काम झालं. वेळ ठरवताना दोन भेटींमध्ये निदान पाऊण तास ठेवा, कारण हॉल लांब असतात. आणि ऑगस्ट, नाताळ ते ६ जानेवारी, ईस्टरचा आठवडा या काळात उत्तराची अपेक्षा धरू नका.

*तपासा:* एकही भेट ठरली नसेल तर जाणं पुढे ढकला. जिथे एकही दार आधी उघडलं नाही तिथे जाऊन ते उघडण्याची शक्यता फार थोडी.

टप्पा ५: व्हिसा, मुक्काम, नमुने

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. लवकर करा, प्रदर्शनाच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळत नाहीत. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि विमा निदान ३० हजार युरोंचा लागतो. प्रदर्शनाचं प्रवेशपत्र आणि ठरलेल्या भेटींचे मेल जोडा. या व्हिसावर भेटीगाठी आणि बोलणी करता येतात, तिथे बसून काम करता येत नाही.

प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलचे दर कित्येक पट वाढतात. हॅनोव्हरसाठी हिल्डेसहाइम किंवा ब्राउनश्वाइग, ड्युसेलडोर्फसाठी एसेन किंवा डुइसबुर्ग इथे राहून रेल्वेने ये-जा करता येते. मात्र पहिल्या भेटीला वेळेच्या दोन गाड्या आधी निघा, कारण तिथल्या गाड्याही उशिरा धावतात. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी आधी फोन करून कळवा.

नमुने दोन-तीनच न्या. एक कास्टिंग मधोमध कापून पॉलिश केलेलं असावं, आतला धातू दिसला पाहिजे. किमती नमुने परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट (माल तात्पुरता, सीमाशुल्क न भरता नेण्याचा कागद) काढा. भारतात ते फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतं.

टप्पा ६: प्रदर्शनातले दिवस

इथे सर्वात मोठी चूक होते ती समोरचा माणूस न ओळखल्यामुळे. स्टॉलवरचे लोक विक्री विभागाचे असतात. कंपनीने लाखो युरो खर्चून त्यांना माल विकायला उभं केलेलं असतं, आणि तुम्ही त्यांना तुमचा माल विकायला जाता. सकाळी अकरा वाजता, गर्दीत, त्यांच्या गिऱ्हाईकासमोर तुम्ही पिशवीतून कास्टिंग काढलंत तर ते हसून कार्ड घेतील आणि विसरतील.

भेट ठरलेली नसेल तर स्टॉलच्या दाराशी माल विकायला उभं राहू नका. सरळ सांगा की आपण पुरवठादार आहोत आणि त्यांचा वेळ घ्यायचा नाही. मग एकच प्रश्न विचारा: पंपाच्या केसिंगची खरेदी कोण पाहतं, आणि ती व्यक्ती प्रदर्शनाला कोणत्या दिवशी येणार आहे? खरेदीवाले बहुधा एखादा दिवसच फिरकतात. सकाळी नऊ ते दहा आणि दुपारी चारनंतर स्टॉल मोकळे असतात, तेव्हा विचारा. शेवटच्या दिवशी दुपारी लोक आवराआवर करत असतात. त्या वेळी नवा विषय काढू नका, फक्त निरोप घ्यायला जा.

खरेदीवाला समोर बसला की काय होतं ते नीट पाहा. तो तुमचं कास्टिंग उचलतो. रंगाकडे पाहत नाही. उलटं करून पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) अंगठा फिरवतो, फेटलिंग (जादा धातू घासून काढणं) कसं झालंय ते पाहतो, कापलेल्या बाजूला बोरच्या (भोकाच्या) भोवती पोकळी आहे का ते प्रकाशात धरून बघतो. मग स्वतःच्या मशीनचा एखादा अवघड भाग दाखवून विचारतो, "इथे साडेतीन मिलिमीटर भिंत आहे. जमेल?" बहुतेक जण लगेच "हो, नक्की" म्हणतात आणि तिथेच बोलणं संपतं, फक्त त्यांना ते कळत नाही. तो प्रश्न चाचणीचा असतो. खरं उत्तर असं हवं: "आमच्या लाइनवर आम्ही पाच मिलिमीटरपर्यंत खात्रीने करतो. साडेतीनसाठी आधी चाचणी घ्यावी लागेल, आणि त्यात रिजेक्शन किती येईल ते आज सांगता येणार नाही." एवढं ऐकून पुढचं ड्रॉइंग बाहेर येण्याची शक्यता "नक्की" ऐकून येण्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्याने विचारलं तर तुमचा सध्याचा रिजेक्शनचा आकडा सांगता आला पाहिजे. शेवटची गिऱ्हाईकाची तक्रार कोणती होती आणि तिचं काय केलं, हेही. तक्रारच आली नाही असं सांगणारा पुरवठादार त्यांना संशयास्पद वाटतो.

भावावर घासाघीस पहिल्या भेटीत काढू नका, आणि "चीनपेक्षा स्वस्त" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते त्या माणसाने त्याच दिवशी अनेकदा ऐकलेलं असतं.

भेट संपल्यावर तो एका छापील फॉर्मवर टिपण करतो आणि तुमचं कार्ड त्याला स्टेपल करतो. तुम्हीही तेच करा, आणि पुढच्या हॉलकडे जाण्याआधी करा. नाव, विभाग, कोणता भाग, आपण काय पाठवायचं कबूल केलं, कोणत्या तारखेला. संध्याकाळी हॉटेलवर लिहीन म्हटलं की तिसऱ्या भेटीतलं बोलणं पाचव्या भेटीच्या नावावर जातं.

*सावधान:* मिळालेले नंबर व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत टाकू नका आणि ओळखीच्या दुसऱ्या कारखानदाराला देऊ नका. तिकडे वैयक्तिक माहितीचा कायदा कडक आहे आणि माणसंही या बाबतीत हळवी आहेत. भेटवस्तू न्यायची तर लहानशी, टेबलावर सगळ्यांना खाता येईल अशी. महाग वस्तू त्याला कंपनीत जाहीर करावी लागते किंवा परत द्यावी लागते.

टप्पा ७: परतल्यानंतरचे सहा आठवडे

बहुतेक प्रयत्न या टप्प्यात मरतात. परत आल्यावर कारखान्यात चार दिवसांची कामं साचलेली असतात, आणि जर्मनीला कबूल केलेलं "उद्या पाठवू" वर जातं.

पहिला मेल भेटीच्या दिवशी रात्रीच किंवा दुसऱ्या दिवशी जाऊ द्या. पाच ओळी: कुठे भेटलो, कशाबद्दल बोललो, मी काय पाठवणार आहे, कधी, आणि सोबत एकपानी पत्रक. प्रत्येकाला वेगळा. तारीख देताना कॅलेंडरचा आठवडा द्या. त्यांच्याकडे उत्पादनाचं सगळं नियोजन "केडब्ल्यू २३" म्हणजे वर्षाचा तेविसावा आठवडा अशा भाषेत चालतं. तुम्हीही आठवडा लिहिलात तर तो थेट त्याच्या तक्त्यात जातो.

कबूल केलेली गोष्ट कबूल केलेल्या आठवड्यात पाठवा. जमणार नसेल तर तो आठवडा येण्याआधी कळवा, नवी तारीख द्या आणि ती मात्र मोडू नका. उशीर ते समजून घेतात. त्यांना खटकतं ते न कळवणं.

उत्तर नाही आलं तर तीन-चार आठवड्यांनी एक आठवणीचा मेल, त्यानंतर एक फोन. फोन त्यांच्या सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान करा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. शुक्रवारी दुपारनंतर फोन करू नका. "सध्या गरज नाही" असं उत्तर आलं तर ते खरंच तसं असतं. आभार माना आणि पुन्हा कधी विचारू तेवढं विचारा. तो "पुढच्या वर्षी मार्चमध्ये" म्हणाला तर मार्चमध्येच विचारा. दर आठवड्याला "काही अपडेट?" पाठवणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण नको त्या कारणाने.

टप्पा ८: पहिलं कोटेशन आणि पहिला नमुना

ड्रॉइंग आलं की आधी प्रश्न पाठवा, भाव नंतर. न समजलेल्या टॉलरन्सवर (मापात चालणाऱ्या फरकावर) अंदाजाने भाव दिला तर तो नंतर वाढवावा लागतो आणि विश्वास जातो. गोपनीयतेचा करार आला असेल तर वाचून सही करा, आणि ड्रॉइंग कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू देऊ नका.

कोटेशन युरोत द्या. पॅटर्नचा (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याचा) खर्च वेगळा, नगाचा भाव वेगळा, कच्च्या मालाच्या दरात फरक पडला तर कसा हिशेब होईल ते सूत्र वेगळं. इनकोटर्म्स २०२० मधली (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांतली) कोणती अट धरली आहे ते ठिकाणासकट लिहा. लहान जर्मन कंपनीला स्वतःच्या गोदामापर्यंतचा भाव हवा असतो, कारण तो शेजारच्या देशातल्या पुरवठादाराच्या भावाशी ताडून पाहायचा असतो. लोखंड-पोलादाच्या काही मालावर युरोपची कार्बन सीमा यंत्रणा (आयात मालाच्या उत्पादनातल्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारा नियम) लागू आहे. तुमच्या मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक) त्या यादीत येतो का ते आधी पाहा आणि येत असेल तर उत्सर्जनाचे आकडे तयार ठेवा.

पैशांची अट हा हळवा विषय आहे. पन्नास टक्के आगाऊ मागितले तर बोलणी तिथेच थांबतात, कारण त्यांच्याकडे माल मिळाल्यावर तीस किंवा साठ दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. जोखीम उचलायला ईसीजीसी या निर्यात विम्याच्या सरकारी कंपनीचं विमा संरक्षण घ्या. पॅटर्नचे पैसे मात्र आधी मागायला हरकत नाही, ते मान्य होतात.

नमुन्यासोबत मोजमापांचा पहिला अहवाल पाठवा, ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन. एखादं माप बाहेर गेलं असेल तर ते लाल करून दाखवा आणि कारण लिहा. लपवलेलं माप त्यांच्या सीएमएमवर सापडतंच.

*सावधान:* पहिल्याच इन्व्हॉइससोबत लिहून कळवा की आमचा बँक खातेक्रमांक मेलवरून कधीही बदलणार नाही, बदलाचा मेल आला तर फोन करून खात्री करा. मेल हॅक करून खाते बदलायचा प्रकार निर्यातदारांच्या बाबतीत सर्रास होतो.

टप्पा ९: ते तुमच्या कारखान्यात येतात तेव्हा

येणार म्हटलं की आपल्याकडे फेटे, शाल-श्रीफळ, बँड अशी तयारी सुरू होते. स्वागत अवश्य करा, पण ते पंधरा मिनिटांत संपवा. माणूस वाळूची प्रयोगशाळा, भट्टीवरच्या नोंदी, नाकारलेला माल वेगळा ठेवण्याची जागा आणि कामगारांच्या पायांतले बूट पाहायला आलेला असतो. काही आठवडे आधी त्याचा प्रश्नसंच मागवून घ्या. मजुरी, कामाचे तास, बालकामगार यांवरचे प्रश्नही त्यात असतात, त्यांची कागदपत्रं काढून ठेवा. भेटीच्या दिवशी उत्तरं मालकाने एकट्याने देऊ नयेत. भट्टीवरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच देऊ द्या, दुभाषाची सोय करा. तांबडा-पांढरा जरूर पाजा, आधी विचारून आणि तिखट बेताचं ठेवून.

टप्पा १०: तिकडे प्रतिनिधी नेमायचा असेल तर

दुसरं-तिसरं गिऱ्हाईक मिळालं की तिकडे कोणीतरी कायम असावं असं वाटू लागतं. कमिशनवर काम करणारे स्वतंत्र प्रतिनिधी जर्मनीत प्रत्येक क्षेत्रात आहेत, आणि चांगला प्रतिनिधी आपल्या जुन्या ओळखी तुमच्यासाठी वापरतो. पण तोंडी बोलीवर कोणालाही "आमचा एजंट" म्हणू नका, कार्डावर नाव छापून देऊ नका. जर्मन व्यापार संहितेच्या कलम ८९ ब प्रमाणे, करार संपवताना त्याने आणलेल्या गिऱ्हाईकांपोटी प्रतिनिधी भरपाई मागू शकतो. तिची कमाल मर्यादा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाच्या कमिशनइतकी असते, आणि हा हक्क करारात आधीच काढून टाकता येत नाही. म्हणून प्रदेश कोणता, कोणती गिऱ्हाईकं आधीपासून तुमची आहेत, कमिशन कशावर आणि कधी, हे सगळं लेखी असू द्या. विद्यमान गिऱ्हाईकांची यादी कराराला जोडा, आणि सही करण्याआधी जर्मन व्यापार कायदा पाहणाऱ्या वकिलाकडून मसुदा वाचून घ्या.